मंत्रिमहोदय, वाढवणच्या पाण्याचा पंचनामा आधी करा

मा. मंत्रिमहोदय,
मत्स्यव्यवसाय आणि बंदरे विकास, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मासळी आणि बंदरे ही दोन्ही खाती आपल्या एकाच टेबलावर आहेत. एरवी ती एकमेकांसमोर येतात ती बहुधा भांडायलाच. हे पत्र मात्र दोन्ही फायलींना एकदम लावावे लागेल, म्हणून आपल्यालाच लिहितो आहे. डहाणूजवळ वाढवणला नवे बंदर होते आहे. त्याच्या पाण्यात आज कोणकोणते जीव आहेत याची पाहणी करून यादी आधी करावी, एवढीच माझी मागणी.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. बऱ्याच वर्षांपूर्वी मुलांना घेऊन भाऊच्या धक्क्यावर गेलो होतो. पाण्यात लोंबणारा एक जुना दोर मुलांनी ओढून वर काढला, तर दोर दिसेचना. नखाएवढ्या काळपट शिंपल्यांनी तो मनगटाएवढा जाड झाला होता. शेजारी मासळी निवडत बसलेल्या मावशींना एका मुलीने विचारले, हे खातात का हो? मावशींनी मानही वर केली नाही. ‘‘कोन खातो ह्याला? कचरा हाय निस्ता.’’

त्या कचऱ्याचे शास्त्रीय नाव मायटिलॉप्सिस सॅली. मूळ मुक्काम कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोचे आखात. भारतात तो पहिल्यांदा १९६७ साली विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला आणि पुढच्या दशकात मुंबईच्या बंदरातही. तो कुणाच्या परवानगीने आला नाही. जहाजाच्या बुडाला चिकटून येता येते, आणि रिकामे जहाज तोल सांभाळायला पोटात जे बॅलास्ट पाणी भरून घेते, त्यात पिल्लांच्या रूपानेही येता येते. हा शिंपला महिन्याभरात वयात येतो. पाणी गोडसर असो की खारट, स्वच्छ असो की गटाराचे, त्याला चालते. कोकणात खाडीतल्या खडकांवरून कालवे काढून आणि तिसऱ्या वेचून घर चालवणाऱ्या बायका आहेत. जागेवरून आणि अन्नावरून या शिंपल्याचे भांडण लागले, तर ते त्यांच्या कालवांशी लागेल, आपल्या गोदीशी नव्हे.

हे उगाच भीती घालणे नाही. केरळमधल्या अष्टमुडी कायलच्या, म्हणजे समुद्राला जोडलेल्या खाऱ्या सरोवराच्या, तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ साली शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. देशातले ते पहिलेच. काही वर्षांतच तिथे अमेरिका खंडाच्या उष्ण किनाऱ्यावरचा दुसराच एक शिंपला, मायटेला स्ट्रायगाटा, आढळला आणि तिसऱ्यांच्या जागेवर पसरू लागला. प्रमाणपत्र भिंतीवर राहिले, खाली पाण्यात पाहुणा बसला.

आता ऑस्ट्रेलियातल्या डार्विनची हकिगत सांगतो. माझ्या मागणीचे मूळ तिच्यात आहे. मार्च १९९९ मध्ये तिथल्या कलन बे मरिनात, म्हणजे सफरी नौका उभ्या करायच्या गोदीत, पाणबुड्यांना हाच आपला भाऊच्या धक्क्यावरचा शिंपला दिसला, थरच्या थर. बहुधा कुणाच्या तरी सफरी नौकेच्या बुडाला लागून आला होता. सरकारने मरिना बंद केल्या, आत ब्लीचिंग आणि मोरचूद ओतले, तिथून निघून गेलेल्या नौकांचा माग काढून त्यांची बुडे तपासली. काही आठवड्यांत शिंपला नाहीसा झाला. खर्च वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला आणि त्या पाण्यातले बाकीचे जीवही मेले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण समुद्रात पसरू पाहणारा परका जीव मुळासकट काढल्याची अशी उदाहरणे जगात बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

हे त्यांना जमले याचे एक कारण नशीब. डार्विनला भरती-ओहोटीचा फरक सात-आठ मीटरपर्यंत जातो, म्हणून तिथल्या मरिनांना पाणी अडवणारे दरवाजे आहेत. दरवाजा लावला की कोंडलेल्या पाण्यावर औषध चालते. आपल्या उघड्या खाड्यांत ते चालणार नाही.

दुसरे कारण नशिबाचे नव्हते. सहाच महिने आधी त्याच मरिनांची पाहणी झाली होती आणि तेव्हा हा शिंपला तिथे नव्हता. पाण्यात कोण कोण आहे याची यादी हातात होती म्हणून नवा कोण ते ओळखता आले. यादी नसती तर कुणीतरी म्हणाले असते, असेल इथलाच, कचरा आहे नुसता.

अशी यादी आपल्याला करता येत नाही असे नाही. बॅलास्ट पाण्यासंबंधीच्या एका जागतिक प्रकल्पात २००० साली सहा देशांतले एकेक बंदर निवडले गेले, त्यात भारतातून मुंबई होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मुंबई बंदराची जैविक पाहणी केली. विद्या घरचीच आहे. फक्त मुंबईची पाहणी झाली तेव्हा पाहुणे येऊन तीसेक वर्षे झाली होती.

वाढवणला तशी वेळ अजून आलेली नाही. हे बंदर व्हावे की नाही, हा डहाणूच्या मच्छीमारांचा आणि सरकारचा वाद आहे. त्यात माझे मत आहे, पण ते या पत्रात नको. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली, ७६,२२० कोटींचा प्रकल्प आहे, आणि त्यात २६ टक्के वाटा आपल्या महाराष्ट्र सागरी मंडळाचा आहे. म्हणजे ‘ते केंद्राचे काम’ हे उत्तर इथे चालणार नाही. दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत होणार. समुद्रात नवा, कोरा दगड टाकला की त्यावर सगळ्यात आधी बसतात ते असलेच पाहुणे, कारण जागेवर हक्क सांगणारा जुना कुणी तिथे नसतो. आणि पहिले पाहुणे कंटेनरच्या जहाजाबरोबर येतील या भ्रमात राहू नये. ते गाळ उपसणारे ड्रेजर आणि सामान वाहणाऱ्या सपाट बार्जेस यांच्या बुडाला लागून येतात. ही यंत्रे एका बंदरात महिनोन्महिने उभी राहतात आणि मग संथ ओढत दुसरीकडे नेली जातात. शिंपल्याला याहून चांगली गाडी नाही.

बॅलास्ट पाण्यासाठी निदान आंतरराष्ट्रीय करार तरी आहे, २००४ चा, २०१७ पासून लागू झालेला. नौकांच्या बुडांसाठी जागतिक पातळीवर २०११ ची आणि २०२३ ची मार्गदर्शक सूचनापत्रे आहेत, पण ती पाळायची की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. न्यूझीलंडने वाट पाहिली नाही. मे २०१८ पासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येक नौकेचे बूड स्वच्छ असणे तिथे सक्तीचे आहे, मग ते मालवाहू जहाज असो की कुणा हौशी माणसाची शिडाची बोट. आपल्याकडे मरिना उभारायच्या गोष्टी जोरात चालू आहेत. त्यांत नौका किती मावतील हे सांगतात, नौकांच्या बुडाखालून काय काय येईल हे कुणी सांगत नाही. आपला कोळी दर पावसाळ्यात होडी वर ओढून तिचे बूड खरवडतो, रंगवतो. तेवढी अपेक्षा कोट्यधीशाच्या यॉटकडून ठेवायला हरकत नसावी. लांबून आलेल्या नौकेला जागा देण्याआधी बूड शेवटचे कधी साफ केले त्याचा कागद मागावा. आणि खरवड पुन्हा पाण्यात न टाकता किनाऱ्यावर गोळा करावी, नाहीतर साफसफाईच पेरणी ठरते.

पाहणीला मोठा खर्च नाही. हातभर प्लास्टिकचे फलक दोराला बांधून पाण्यात सोडायचे, तीन महिन्यांनी वर काढून त्यांवर कोण बसले ते पाहायचे. वाढवणला पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे पाणी वेगळे असते, म्हणून निदान एक पूर्ण वर्ष हवे, आणि भिंतीचे काम पुढे सरकण्याआधी हवे. यादी मराठीत छापून डहाणू, चिंचणी, सातपाटीच्या सोसायट्यांत लावा. जाळ्यात अनोळखी काही आले तर ते सगळ्यात आधी मच्छीमारालाच दिसणार, कळवायचे कुणाला हे त्याला माहीत हवे.

फलक कापायला आणि दोर बांधायला मी आणि माझे जुने विद्यार्थी तयार आहोत. डबे आमचे, होडीचे भाडे आमचे. बंदराच्या हद्दीत शिरायचा परवाना तेवढा आपल्या मंडळाकडून मिळावा. तो पावसाळ्याआधी मिळाला तर बरे होईल.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक