शब्द बोटांना सापडायला हवेत

माननीय संपादक,

संग्रहालयात अंधांसाठी हात लावता येण्याजोग्या प्रतिकृती ठेवल्या की काम संपत नाही. सोबतचे वर्णन बहुधा पाटीवरून उतरवलेले असते: ‘भव्य, मनोहारी, अमुक शतकातील’. यातला एकही शब्द बोटांना सापडत नाही. १८६३ पासून अजब बंगला हे संग्रहालय जपणाऱ्या नागपुरात याचा विचार व्हायला हवा.

आधी एकूण आकार सांगावा: ‘दोन वीत उंच, मांडी घालून बसलेली मूर्ती, तोंड तुमच्याकडे’. हे मनात उभे राहिले की मग तपशील. दोन्ही हात मूर्तीच्या बैठकीवर ठेवायला सांगून तिथून वर न्यावे. ‘उजवा हात’ म्हणजे मूर्तीचा की आपला, हे दर वेळी स्पष्ट करावे. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. बोटे पोहोचेपर्यंत पुढचे वाक्य बोलू नये.

पोताच्या शब्दांत मराठी फार श्रीमंत आहे. पण ‘तुकतुकीत’ हा डोळ्यांचा शब्द, ‘गुळगुळीत’ बोटांचा. नुसते ‘खडबडीत’ म्हणून भागत नाही. रवाळ, खरखरीत, की संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे, ते सांगा. प्रतिकृती फायबरची असेल तर तेही सांगा, कारण दगडाचा गारवा हाताला लागला नाही की माणूस गोंधळतो.

रंग मात्र गाळू नयेत. अनेकांची दृष्टी नंतर गेलेली असते, त्यांना लाल आठवतो. आणि मजकूर पक्का करण्याआधी तो अंध व्यक्तीला मूर्तीवर हात ठेवून ऐकवावा. जिथे हात अडखळेल, तिथले वाक्य बदलावे.

– काही कलाप्रेमी वाचक, नागपूर