कोरड्या बोरिंगवर घसारा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

देशाच्या नैसर्गिक संपत्तीच्या हिशेबावरील कालच्या अंकातला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. जंगले, कोळसा, पाणी यांना एकदा किंमत लावली की आपला देश कागदावर दिसतो त्याहून कितीतरी श्रीमंत ठरेल, असा लेखकमहाशयांचा सूर आहे. ज्याची चाळीस वर्षे इतरांच्या वह्या तपासण्यात गेली, त्याला हा सूर ओळखीचा वाटतो. आरंभीची शिल्लक भरघोस मांडायची आणि अखेरच्या शिलकेविषयी कुणी विचारले की चहा मागवायचा.

इंदुरात मी राहतो त्या गृहनिर्माण संस्थेचेच पाहा. (नाव लिहीत नाही, लिफ्ट बंद पडली की अजूनही तिथल्या पदाधिकाऱ्यांनाच सांगावे लागते.) नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि पुरत नाही, म्हणून २००६-०७ साली आम्ही आवारात बोरिंग केली. खर्च आला १ लाख १० हजार रुपये. ताळेबंदात ती मालमत्तेच्या बाजूस नोंदली गेली आणि घटत्या शिलकेवर दरसाल १५ टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी किमतीतून होणारी वजावट, सुरू झाला. इथवर सारे शास्त्रशुद्ध होते. पुढे जमिनीखालच्या पाण्याची पातळी उतरत गेली, तसा दर दोन-तीन उन्हाळ्यांनी पंप आणखी खाली सोडावा लागला. त्याची मजुरी ‘किरकोळ दुरुस्ती’ खाती पडली. २०१७ च्या मे महिन्यात पंपातून नुसती हवा येऊ लागली. ताळेबंदात मात्र बोरिंग आजही जिवंत आहे. ३१ मार्च २०२५ रोजी तिची किंमत ५,०१६ रुपये होती. येत्या वार्षिक सभेत ती ४,२६४ रुपये होईल आणि एकमताने मंजूरही होईल.

दहा-अकरा वर्षे आम्ही जे पाणी उपसले ते संपले, ही नोंद मात्र कोणत्याच पानावर नाही. मी हे विचारले तेव्हा आमचे तरुण हिशेबतपासनीस अत्यंत नम्रपणे म्हणाले, “काका, पाण्याच्या खरेदीचं बिल आहे का? बिलाशिवाय नोंद कशी घेणार?” भोकावर घसारा आहे, भोकातून आलेल्या वस्तूचा पत्ता नाही. टँकरचे बिल असते, म्हणून टँकरची नोंद अगदी चोख आहे. ज्या माळव्याविषयी ‘डग डग रोटी, पग पग नीर’ म्हणत, तिथला हा ताळेबंद!

आमच्या संस्थेला हसण्याचे कारण नाही, कारण राष्ट्रीय हिशेबांची २००८ ची आंतरराष्ट्रीय पद्धतही नेमके हेच करते. खनिजाच्या शोधावर झालेला खर्च ती भांडवल धरते व त्यावर घसाराही काढते. खाणीतून निघालेला कोळसा उत्पादनात जमा होतो. पण जमिनीखालचा साठा तेवढ्याने घटला ही गोष्ट उत्पन्नातून वजा न होता मालमत्तेतील ‘इतर बदल’ म्हणून वेगळ्या तक्त्यात जाऊन बसते. म्हणजे निव्वळ उत्पादन काढताना यंत्राची झीज वजा होते, खाणीची होत नाही. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने जी सुधारित पद्धत स्वीकारली, तिच्यात ही घट उत्पादनाचा खर्च म्हणून धरायची आहे. विषयाचा गाभा हाच असताना लेखात त्याविषयी एक ओळ नसावी? अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्ता यांच्या समितीने २०१३ मध्ये अशा हिशेबांची चौकट सरकारला दिली, सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून पर्यावरणाचे लेखे छापत आहे. आपले लेखक मात्र ही कल्पना परवा आंघोळ करताना सुचल्यासारखी मांडतात.

किंमत लावण्यातही मेख आहे. भाव दुपटीहून अधिक वाढला, तर साठा निम्मा होऊनही रुपयांचा आकडा फुगलेलाच दिसतो. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या पर्यावरणीय लेखापद्धतीत टनांचा आणि घनमीटरांचा तक्ता रुपयांच्या तक्त्याहून वेगळा ठेवतात. (बोरिंग आटली तेव्हा आमच्या खजिनदारांनीही ‘पण प्लॉटचा भाव केवढा वाढला!’ असेच सांत्वन केले होते.) शिवाय सिंगरौलीच्या कोळशावर मध्य प्रदेशाला मिळणारे स्वामित्वधन (रॉयल्टी) अर्थसंकल्पात सरळ महसुली जमेत धरले जाते. वडिलोपार्जित दागिने मोडून आलेली रक्कम पगारात मिळवणाऱ्या गृहस्थाला आपण काय म्हणतो, हे वाचकांना ठाऊक आहे. गोव्याच्या लोहखनिजाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये विक्रीतील १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितले. लेखकांनी सुचवलेल्या उपायांत अशा निधीचे नावही नाही.

जाता जाता आणखी एक. लेखात सर्वत्र ‘मूल्यह्रास’ आणि ‘लेखांकन’ असे छापले आहे. इंदुरात राहून हिंदीचे वावडे असण्याचा प्रश्नच नाही, आमचे निम्मे आयुष्य त्या भाषेत गेले. पण मराठी वृत्तपत्र आम्ही मराठीसाठी घेतो, आणि मराठीत मूल्यह्रासासाठी ‘घसारा’ हा शब्द आहे. आमच्या संस्थेच्या ताळेबंदात तो दरवर्षी न चुकता छापून येतो.

आपला,
एक निवृत्त हिशेबतपासनीस
रामबाग, इंदूर