आधी रेकॉर्डिंग, मग प्रमाणपत्र

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

समुपदेशनाचा ऑनलाइन कोर्स कुठला घ्यावा, असं तू विचारलंस. फी आणि प्रमाणपत्र बाजूला ठेव आणि एवढंच विचार, की पेशंटशी झालेल्या माझ्या बैठकांची रेकॉर्डिंग कोणी अनुभवी सुपरवायझर ऐकणार आहे का? नसेल तर पैसे वाचव. टाके घालणं व्हिडिओ पाहून येत नाही, तसंच हेही.

‘इको’ पद्धतीचे वर्ग बरे; त्यात ठिकठिकाणचे डॉक्टर ऑनलाइन जमून तज्ज्ञांसमोर आपापल्या केसवर बोलतात. २००३ साली न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरांनी हेपॅटायटिस सीसाठी ती सुरू केली. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था ती मानसिक आरोग्यासाठी वापरते. मात्र तिथे आपली केस मांडावी लागते. कॅमेरा बंद करून जेवत बसलास तर हाती काही लागणार नाही.

सुरुवातीला नैराश्यासाठीचं बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, म्हणजे मूड सुधारायची वाट न बघता छोट्या ठरवलेल्या कृतींपासून सुरुवात करणं, एवढंच धर. विचार तपासायचे तक्ते मागाहून. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने याच पायावर नैराश्यासाठी ६ ते ८ बैठकांचा कार्यक्रम बसवला, बैठक ३०-४० मिनिटांची. त्या घेणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. ४९५ रुग्णांवरची ही चाचणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तुला जमणार नाही असं त्यात काही नाही, फक्त ओपीडीच्या रांगेत ते बसत नाही. आठवड्यातल्या दोन दुपारी राखून ठेव.

आधी पेशंटकडून पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची प्रश्नावली भरून घे. मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, गुण ० ते २७; १० किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासायचं. पेशंट ‘उदास वाटतं’ म्हणत येत नाही. ‘अंगात ताकद नाही, धडधडतं, झोप नाही’ म्हणतो आणि सलाईन मागतो. पूर्वी कधी झोप न घेताही अंगात वारं भरल्यासारखे दिवस गेले का, हे विचारायला विसरू नकोस. बायपोलर (कधी अति उत्साह, कधी नैराश्य असा आजार) निसटला आणि नुसती नैराश्याची गोळी दिलीस, तर पंचाईत होते.

नववा प्रश्न घाईत वाचून टाकू नकोस. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हटलं तर कसं, कधी ठरवलंय, घरात कीटकनाशक कुठे ठेवलंय, तेही विचार. ते घराबाहेर हलवायचं, पेशंटला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाला गाठायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टेबलावर चिकटवून ठेव.

खरी गाडी अडते ती पेशंटला घरी करायला दिलेल्या गृहपाठाशी. डॉक्टर म्हणतात, ‘रोज फिरायला जा, मन रमवा.’ हा सल्ला झाला, उपचार नव्हे. नैराश्यात माणूस बरं वाटेल तेव्हा करू म्हणून थांबतो. न केल्याने आणखी खचतो. हे चक्र कृतीकडून तोडायचं असतं. म्हणून आधी आठवडाभर तासातासाची नोंद: काय केलं आणि मन कसं होतं, ० ते १० मध्ये. लिहिता येत नसेल तर घरच्या कोणाकडून खुणा करून घे. मग त्यातूनच पेशंटला एक काम निवडू दे. ‘उद्या सकाळी सातला, शेजारच्या काकूंबरोबर, देवळापर्यंत, दहा मिनिटं’ इतकं बारीक. पाऊस आला तर काय, तेही तेव्हाच ठरव. पुढच्या वेळी काम झालं नसेल तर रागावू नकोस; कुठे अडलं ते विचार. बहुतेक वेळा काम मोठं झालेलं असतं, किंवा ते तू निवडलेलं असतं.

सरावासाठी दोन सहकारी गाठ. एक पेशंट, एक डॉक्टर, तिसरा नुसता ऐकणारा; वीस मिनिटं, मग अदलाबदल. खऱ्या पेशंटचं रेकॉर्डिंग लेखी संमतीशिवाय नको, आणि फाईलला नाव नको. ऐकताना मोज: ‘हो-नाही’त संपणारे प्रश्न किती, मध्येच तोडलं किती वेळा, सल्ला कितव्या मिनिटाला दिला. सुपरवायझरलाही हेच आकडे दे, ‘सेशन छान झालं’ असं कळवू नकोस.

कोर्सची माहितीपत्रकं पाठव. सुपरवायझर किती जणांमागे एक आहे, ते मी आधी बघेन.

तुझा,
नितीन