बंद डिस्टिलरीचा भाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारत-ब्रिटन व्यापार करारामुळे स्कॉचवरचे 150 टक्के आयातशुल्क आधी 75 वर आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर येणार, हे ठरल्यापासून आपल्याकडे स्कॉचचे जाणकार एकदम वाढले आहेत. त्यांच्या तोंडी 'बंद पडलेल्या डिस्टिलरीची बाटली' हा प्रकार फार आदराने येतो. ती बंद का पडली, हे मात्र कुणी विचारत नाही.

पोर्ट एलनचेच घ्या. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची ही डिस्टिलरी 1825 ची. 1930 च्या सुमारास ती थंडावली, 1967 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि 1983 मध्ये डिस्टिलर्स कंपनीने तिला टाळे ठोकले. माल वाईट होता म्हणून नव्हे! व्हिस्की किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरवावी लागते, सहसा त्याहून बरीच जास्त मुरवतात. म्हणजे पुढच्या दशकातले गिऱ्हाईक आजच ओळखून गाळायचे. सत्तरच्या दशकात कंपन्यांनी भरमसाट गाळले. मग मंदी आली आणि पिंपे गोदामांत पडून राहिली. आयलावर याच कंपनीच्या लागावूलिन आणि कोल ईला या डिस्टिलरी होत्याच, ब्लेंडला, म्हणजे अनेक डिस्टिलरींचा माल मिसळून केलेल्या व्हिस्कीला, लागणारा धुरकट चवीचा माल तिथून भागत होता. त्याच वर्षी ब्रोरा, बॅन्फ, डॅलस धू, सेंट मॅग्डालीनही बंद झाल्या. सेंट मॅग्डालीनच्या इमारतीत आता लोक राहतात.

गंमत पुढेच आहे. ब्लेंडमध्ये मिसळून निनावी संपणाऱ्या पोर्ट एलनला खरा मान मिळाला तो बंद पडल्यावर. त्याच कंपनीची वारसदार डियाजिओ 2001 पासून उरलेली पिंपे थोडी थोडी बाटल्यांत भरून विकू लागली आणि बाटलीचा भाव हजारो पौंडांवर गेला. व्हिस्की उत्तम असेलही, आमची ऐपत ती चाखण्याची नाही. पण अंदाज चुकला व्यवस्थापनाचा, रोजगार गेला गावाचा आणि टंचाईचा नफा पुन्हा कंपनीलाच, हा हिशेब मला खटकतो.

2017 मध्ये डियाजिओने पोर्ट एलन आणि ब्रोरा पुन्हा उभारण्यासाठी साडेतीन कोटी पौंड जाहीर केले. ब्रोरा 2021 मध्ये, पोर्ट एलन मार्च 2024 मध्ये सुरू झाली. हौशी मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे: पोर्ट एलनच्या नव्या मालाला 2027 पर्यंत कायद्याने व्हिस्की म्हणताच येत नाही. तोवर त्या नावाने जी बाटली समोर येईल, तिच्यातला माल 1983 किंवा त्याआधीचाच असला पाहिजे.

आपला,
एक वाचक, नाशिक