आधी रस्ते जुळवा, मग मंजुरी द्या

महोदय,

१९९२च्या हद्दवाढीने आजूबाजूची गावे सोलापूर महापालिकेत आली आणि शहर जुळे सोलापूर, शेळगी, बाळे, कुमठ्याकडे पसरत गेले. पसरले, पण जोडले गेले नाही. शेताच्या बांधापुरता एकेक लेआउट, म्हणजे प्लॉट आणि रस्ते आखलेला नकाशा, मंजूर होतो. आतला रस्ता बांधाशी येऊन संपतो आणि पलीकडचा भलतीकडेच सुरू होतो. आमच्या गल्लीच्या टोकाला कंपाउंडची भिंत आहे. पलीकडच्या किराणा दुकानाची पाटी इथून वाचता येते, पण दुकानात जायचे तर मुख्य रस्त्याने वळसा. मग दुधाच्या पिशवीसाठीही गाडी काढावी लागते, आणि या सगळ्या गाड्या विजापूर रोड, होटगी रोडवरच येतात. म्हातारी माणसे तर बाहेर पडणेच टाळतात. जुन्या शहरातल्या नवी पेठेत एक बोळ तुंबला तर दुसऱ्याने निघता येते. ही सोय नव्या वस्तीला का नसावी?

नुसते रुंदीकरण करून हे सुटणार नाही. शेजारचा रस्ता जुळल्याशिवाय नव्या लेआउटला मंजुरी देऊ नये. जिथे घरे उभी राहिली आहेत, तिथे निदान पायी जाण्यापुरती वाट भिंतीतून काढून द्यावी.

– एक रहिवासी, जुळे सोलापूर