बूस्टचा काटा उतरला म्हणजे टर्बो गेला असे नव्हे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या टर्बो स्पोर्ट्स कारविषयी आलेला लेख आवडीने वाचला. मी स्टुटगार्टजवळ राहतो, आणि लेखात ज्या पोर्शे ९४४ टर्बोचा उल्लेख आहे, त्या जातीची १९८६ची एक गाडी माझ्या देखभालीत आहे. लेख माहितीपूर्ण असला तरी त्यातील दोन विधाने वाचकाला खर्चात टाकणारी आहेत. ९४४ टर्बोचा १.७५ बार हा बूस्ट, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा टर्बोचार्जर इंजिनात हवा दाबून भरतो तो दाब, ९११ टर्बोच्या ०.८ बारच्या दुपटीहून अधिक आहे, हे पहिले. आणि वरच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) डॅशबोर्डवरील बूस्टचा काटा खाली येऊ लागला की टर्बोचार्जर झिजला असे समजून तो बदलावा, हे दुसरे.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. ९४४ टर्बोच्या डॅशबोर्डवरील मापक निरपेक्ष दाब दाखवतो, म्हणजे त्यात बाहेरच्या हवेचा दाब धरलेला असतो. समुद्रसपाटीला १.७५ मधून सुमारे एक बार वजा केल्यावर टर्बोने भरलेला दाब ०.७५ बार एवढाच उरतो. ९११ टर्बोचा ०.८ हा आकडा मात्र वातावरणाच्या वरचा आहे. त्यामुळे दुप्पट तर सोडाच, ९४४चा बूस्ट किंचित कमीच भरतो. उंचीवर हे गणित आणखी बदलते. महाबळेश्वरएवढ्या उंचीवर हवेचा दाब साधारण ०.८६ बार असतो, त्यामुळे तिथे काट्यावर तेच १.७५ दिसण्यासाठी टर्बोला हवा दुपटीहून थोडी अधिक दाबावी लागते, तर समुद्रसपाटीला पावणेदोन पट पुरते. काटा सारखाच दिसला, तरी टर्बोवरचा ताण सारखा नसतो.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. या अडीच लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनाचे कंपनीने दिलेले आकडेच पाहावेत : ३५०० आरपीएमला ३३० न्यूटन-मीटर टॉर्क आणि ५८०० आरपीएमला २२० अश्वशक्ती. या अश्वशक्तीवरून ५८००चा टॉर्क काढला तर तो सुमारे २६७ न्यूटन-मीटर येतो, म्हणजे वर जाताना टॉर्क जवळपास एक पंचमांश उतरतो. याचे सारे श्रेय बूस्टला देता येणार नाही, कारण त्या वेगाला इंजिनाची श्वास घेण्याची क्षमताही घटते. पण मधल्या आरपीएमचा दाब शेवटपर्यंत तसाच टिकावा, अशी या इंजिनाची कल्पनाच नव्हती, एवढे त्यावरून नक्की कळते.

उतार नेहमीपेक्षा तीव्र झाला असेल, तर संशय आधी वेस्टगेटवर घ्यावा. या गाडीत वेस्टगेट टर्बोपासून वेगळे, एक्झॉस्टच्या पाइपवर बसवलेले असते. त्याची झडप स्प्रिंगच्या जोरावर बंद राहते आणि तिला जोडलेल्या लवचिक पडद्यावर बूस्टचा दाब आला की उघडून जादा वायू टर्बोच्या टर्बाइनला (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाला) वळसा घालून सोडते. कित्येक वर्षे उष्णतेत राहिलेली स्प्रिंग ढिली पडते. मग वरच्या आरपीएमला एक्झॉस्टमधील प्रतिदाबच झडप वेळेआधी ढकलतो, आणि टर्बो ठणठणीत असूनही काटा उतरतो. वेस्टगेटकडे जाणारा दाब नियंत्रित करणारी एक विद्युत झडपही आहे. ती अडकली किंवा तिची नळी फुटली, तर बूस्ट ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही अथवा ती ओलांडतो.

यातली खरी धोक्याची बाब लेखात आलेलीच नाही. या गाडीत नॉक (सिलिंडरमधील मिश्रणाचा अवेळी होणारा भडका) आणि बूस्ट सांभाळणारे केएलआर नावाचे स्वतंत्र युनिट असते. दाब मोजणारा संवेदक त्याच्याच पोटात असतो, एका बारीक नळीने तो इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्याला) जोडलेला असतो, आणि डॅशबोर्डवरील काटाही त्याच युनिटच्या सांगण्यावरून हलतो. ती नळी तडकली की युनिटला दाब खरा आहे त्याहून कमी भासतो. ते बूस्ट वाढवू पाहते, आणि काटा मात्र कमीच दाखवत राहतो. अशा वेळी ‘काटा कमी आहे, जरा वाढवून घेऊ’ म्हणून वेस्टगेटच्या स्प्रिंगखाली वॉशर घालणारे इथेही पुष्कळ भेटतात. परिणाम नॉकिंग, आणि त्यानंतर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधील सील, जाते. म्हणून दुसऱ्या, यांत्रिक मापकावर दाब ताडून पाहिल्याखेरीज काही हलवू नये.

टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या मोठ्या नळ्यांतील गळतीचे लक्षण निराळे असते. हवा मोजणारा फ्लॅप टर्बोच्या आधी असल्याने मोजून झालेली हवा बाहेर निसटते, इंधन मात्र तेवढेच पडते, आणि जोर दिला की मागून काळा धूर येतो. ही गळती शोधायला महागडे यंत्र लागत नाही. इनटेकचे तोंड बंद करून थोड्या दाबाची हवा सोडावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. पंक्चरवाला ट्यूबचे भोक शोधतो तसे बुडबुडे फुटतील तिथे दोष सापडतो. चाचणी रस्त्यावर घ्यायची तर ती तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये पूर्ण भाराखाली घ्यावी, कारण पहिल्या गिअरमध्ये आरपीएम इतक्या झपाट्याने चढतात की पूर्ण बूस्ट तयार व्हायला वेळच मिळत नाही.

टर्बो खरोखर जातोच, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तो जाताना निळा धूर, तेलाची तूट आणि शाफ्टला हाताला जाणवणारी ढिलाई अशी स्वतःची चिन्हे देतो. ती नसताना केवळ काट्यावर विसंबून नवा टर्बो बसवला, तर सैल स्प्रिंग आणि तडकलेली नळी जागच्या जागी राहतात.

पुण्याच्या परिसरात टर्बोचार्जर बनवणारे कारखाने असल्याने आपल्या वाचकांत या विषयाचे जाणकार असणारच. लेखासोबतच्या तक्त्यात ९४४ टर्बोसमोर ‘१.७५ बार, निरपेक्ष’ आणि ९११ टर्बोसमोर ‘०.८ बार, वातावरणावर’ अशी दुरुस्ती येत्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, लुडविग्सबुर्ग (जर्मनी)