शेजारच्या आजींचं भरलेलं पाणी

नौपाडा, ठाणे

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, परवा फोनवर म्हणालीस, तिथे अमेरिकेत, सेंट लुईसला, मागच्या गल्लीत गोळीबार झाल्यापासून शेजारच्या बोस्नियन आजींनी टब, बादल्या, पातेली सगळं पाण्याने भरून ठेवलंय आणि खिडक्यांपासून लांब, पॅसेजमध्ये गादी टाकून झोपतात. "नळाला चोवीस तास पाणी असताना काय हा वेडेपणा!" तुझं हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

आजी बोस्नियाच्या राजधानीच्या, सारायेव्होच्या ना? एप्रिल १९९२ पासून ते शहर वेढ्यात होतं, १,४२५ दिवस. वीज गेली, नळ कोरडे पडले. माणसं कॅन घेऊन बिअरच्या कारखान्यातल्या झऱ्यावर रांगा लावायची आणि डोंगरांवरून त्या रांगांवरच तोफगोळे पडायचे. रस्ता ओलांडणाऱ्यांना नेम धरून टिपत. २०१२ मध्ये मृतांसाठी तिथल्या मुख्य रस्त्यावर रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या, माणशी एक. ११,५४१ झाल्या. गोळीचा आवाज आल्यावर आजींचा हात आधी नळाकडेच जाणार गं.

बाबा, १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले तेव्हा तुम्ही फोर्टात होतात. आजही ठाण्याहून दादरला जायचं असलं तरी सीटखाली वाकून बघितल्याशिवाय तुम्ही बसत नाही. तुम्हाला कोणी वेडं म्हटलेलं मला चाललं नसतं.

दादा म्हणतो, एवढं भोगलेल्यांना आता कशाचंच काही वाटत नसेल. मला ते मुळीच पटत नाही. सेंट लुईसमध्ये अमेरिकेतली बोस्नियन लोकांची सर्वांत मोठी वस्ती. २०१४ च्या नोव्हेंबरात, जवळच्या फर्ग्युसनमध्ये पोलिसाने एका निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला गोळी घालून मारल्याच्या प्रकरणावरून सगळा परिसर धुमसत असताना, बेव्हो मिल भागात एका बोस्नियन तरुणाला हातोड्यांनी ठार मारलं. हल्ल्यामागे वंशद्वेष नाही, असं पोलिसांनी सांगितलं. तरी तिथली बोस्नियन माणसं लगेच रस्त्यावर आली, ग्रॅव्हॉय रस्ता अडवून बसली. सुरुवातीला कोणी थांबवलं नाही तर पुढे काय होतं, हे ज्यांनी एकदा बघितलंय, ते दुसऱ्यांदा वाट कशाला बघतील? काही जण मात्र मुकाट्याने उपनगरांकडे निघून गेले. त्यांनाही मी भित्रे म्हणणार नाही.

दादाने ४ जुलैचे, तिथल्या स्वातंत्र्यदिनाचे, उरलेले फटाके दिवाळीसाठी ठेवलेत म्हणे. ते अजिबात वाजवू देऊ नका. पिंट्याला फुलबाज्या पुरे, आणि त्याही लावायच्या आधी आजींना सांगून या. जाताना चकल्या न्या. त्यांना "घाबरू नका" म्हणू नका आणि वेढ्याबद्दल आपणहून काही विचारू नका. त्या बोलल्याच, तर आई, तू मध्ये न बोलता ऐक. कॉफी देतील, ती फार कडक असते. बाबांनी संध्याकाळी घेऊ नये.

बीपीच्या गोळ्या नोव्हेंबरअखेरपर्यंत पुरतील का ते कळवा, नाहीतर येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवते.

तुमची,
मनू